खडकावरचा मेंढका

दादाचं चित्र घरी आलं तेव्हा ते पुरतं वाळलंही नव्हतं. खबर त्याच्या आधीच आली होती. पोलीस पाटलांनी आबांना बाजूला घेऊन ती सांगितली, मग आबा आणि माझे चुलते कोकणात गेले, किनाऱ्याकिनाऱ्यानं हिंडले आणि हात हलवत परत आले. आल्यावर आबांनी ओट्याखाली वहाणा झटकल्या तर त्यातून वाळू पडली. माय त्या वाळूकडं बघत राहिली. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी दादाचा कॉलेजातला मित्र वसंत एस.टी.नं तलवाड्याला उतरला आणि शिवारातून वाट विचारत आमच्या वस्तीवर आला. एका हातात दादाची पत्र्याची पेटी होती आणि दुसऱ्या हातात, अंगापासून लांब धरलेलं, लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड. एवढं जपूनही त्याच्या सदऱ्याच्या बाहीला निळा रंग लागलाच होता. या वयात मला कुणाची भीड राहिलेली नाही, म्हणून सरळ सांगते, मला त्या माणसाचा राग आला. हा आला आणि दादा नाही आला, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

वसंत ओसरीवर बसला. वैनीनं, दादाच्या बायकोनं, पाणी दिलं, ते त्यानं नुसतं हातात धरून ठेवलं. त्यानं सांगितलं ते असं, की कॉलेजातल्या सरांनी पोरांना समुद्र रंगवायला नेलं होतं. बाकीचे वर झाडांच्या सावलीत बसले. दादा खाली खडकांवर गेला, कारण त्याला फेसावरचा उजेड जवळून पाहायचा होता. दुपार टळता टळता चित्र झालं. वर येऊन त्यानं ते वसंतच्या हातात दिलं आणि हात धुवायला पुन्हा खाली उतरला. आमच्याकडं ओढ्यावर उतरतात तसा, खडकावर उकिडवा बसून, पाण्याकडं निम्मी पाठ करून. समुद्राकडं पाठ करायची नसते हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्हाला सवय पाण्याची वाट बघायची. पाणी आपणहून माणसाच्या अंगावर चालून येतं हे आमच्या कुणाच्या गावीही नव्हतं. वसंतनं हाक मारली तोवर लाट येऊन गेली होती आणि खडक रिकामा होता. एवढं सांगून तो थांबला. तेव्हा दाराआडून मायनं पहिल्यांदा तोंड उघडलं.

“लेकरा, समिंदर कोणीकडं वाहतो?”

वसंतला प्रश्न कळला नाही. मग आबांनी त्याला समजावलं. आमच्या भागात गोदावरीला पूर आला की कधी गुरं जातात, कधी माणूस जातं, आणि लोक लगोलग खालच्या गावांना माणसं धाडतात. वाहून गेलेलं खाली कुठंतरी लागतंच. बाभळीला अडकतं, वाळूच्या बेटावर चढतं. जिवंत सापडलेलेही आम्हाला माहीत होते. मायला तेवढंच हवं होतं, खालचं गाव कोणतं. वसंत पेल्यातल्या पाण्याकडं बघत म्हणाला, “माय, तो कुणीकडंच वाहत नाही.” मायनं ऐकून घेतलं आणि ती आत गेली. ज्या पाण्याला खालची बाजूच नाही, त्यात माणूस लांब जाईलच कसा, असा तिनं त्याचा अर्थ लावला होता. हे आम्हाला पुढं कळलं.

दादाचं नाव प्रल्हाद. घरात अक्कल वाटली तेव्हा ती सगळी पल्हादच्या पदरात पडली आणि शकूला, म्हणजे मला, नुसती जीभ मिळाली, असं आबा येईल त्याला सांगायचे, आणि ते फार खोटं नव्हतं. लहान असताना तो चुलीतल्या कोळशानं भिंतीवर बैल काढायचा. माय सारवताना भिंत सारवायची, पण बैल तेवढे सोडून. शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांनी त्याला चित्रकलेच्या परीक्षांना बसवलं आणि मग औरंगाबादच्या कॉलेजात घालायला लावलं. चित्रं काढून पोट भरतं हे आबांना पटत नव्हतं, पण पोरगं शाळेत मास्तर होईल म्हटल्यावर ते तयार झाले. त्यांची अट एकच होती, लग्न करून घ्यायचं. म्हणून शेवटच्या वर्षाला असताना तेलगावकडची सुमन आमच्या घरात आली. माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठी, बोलायला धीट, हसायला पटकन. दादा सुट्टीला यायचा आणि जायचा. तिनं नवऱ्याला जेवढं पाहिलं त्याहून जास्त दिवस पुढं त्याच्या चित्राला पाहिलं.

ते चित्र ओसरीवरून तडक मधल्या खोलीत गेलं. आमचं घर माळवदाचं, वर मातीचं सपाट छत. उन्हाळ्यात गार, पण आत अंधार. मधल्या खोलीत उजेड यायचा तो छताला ठेवलेल्या एका भोकातून, आणि तो फिरता फिरता दिवसातून थोडाच वेळ त्या भिंतीवर पडायचा. भिंतीसमोर ज्वारीची कणगी, कणगीच्या कडेला गोधड्यांची चळत. कणगी आणि भिंत यांच्यामध्ये एक माणूस अंथरूण टाकून निजेल एवढीच जागा. मायनं दादाचं चित्र तिथं खुंटीला टांगलं. त्याला वास यायचा. रंग जवसाच्या तेलात कालवलेला असतो हे मला खूप नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळायचं, की खोलीत शिरलं की जवस भाजल्यासारखा वास येतो. जवस तर आमच्या रोजच्या जेवणातला. भाजायचा, लसूण-मिरची घालून कुटायचा, बाजरीच्या भाकरीवर घ्यायचा आणि वर तेलाची धार. दादाला ती चटणी फार आवडायची. मायनं ती करणं बंद केलं नाही, उलट रोज करू लागली. मला आजही ती चटणी खाववत नाही. सासूला आत्या म्हणायची आमच्याकडं रीत, तशा सुना म्हणतात, आत्या, ओमेगा का काय ते चांगलं, खा. मी ताट सरकवते.

चित्र बघायला आसपासच्या वस्त्यांवरून बायामाणसं यायची. दुखवट्याला आलेलं माणूस रडून झालं की मधल्या खोलीत डोकावायचं. खरं सांगायचं तर कुणाला काही कळायचं नाही. नुसते रंगाचे थापे. निळ्यावर जांभळा, जांभळ्यावर पिवळा, मध्येच पांढऱ्याचे गोळे, आणि खाली तपकिरी-काळं काहीतरी. दादा इतके हुबेहूब बैल काढायचा, आणि शेवटी हे असलं कसं काढून गेला, असं मलाही वाटायचं. कुणी म्हणे ढग आहेत, कुणी म्हणे कापसाची गंजी. आबा-चुलते सोडले तर समुद्र कुणी पाहिलेलाच नव्हता, आणि ते त्याचं नावही काढायचे नाहीत, तर तो ओळखणार कोण? मग एकदा म्हसूमामा आला. शेजारच्या वस्तीवरचा मेंढका, सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. डोईचं पागोटं काढून तो कणगीला टेकला, डोळे बारीक केले, आणि त्याला जे दिसलं ते सांगून टाकलं. डोंगर उतरून मेंढरं येतायत, नुकती धुवून काढलेली दिसतात, कुणाची आहेत म्हणाला. मग बोट पुढं करून म्हणाला, “आन् ह्यो मेंढका बसलाय खडकावर. घोंगडं पांघरून.”

कुणी हसलं नाही. कारण त्यानं बोट ठेवलं आणि तो आम्हा सगळ्यांना दिसला. पांढऱ्या गोळ्यांची मेंढरं झाली, तपकिरी थाप्यांचा आपल्या डोंगरातला खडक झाला, आणि खडकाच्या टोकाशी जो काळा-निळा डाग होता तो गुडघे जवळ घेऊन बसलेला माणूस झाला. मान थोडी खाली, खांदा उतरता. एकदा दिसल्यावर तो न दिसणं शक्यच नव्हतं. मी डोळे चोळून पाहिलं, तरी तो होता.

माय पुढं झाली. “त्यो मेंढका न्हाई,” ती म्हणाली. “त्यो पल्हाद हाय.”

म्हसूमामानं पागोटं पुन्हा डोक्याला गुंडाळलं आणि तो निघून गेला. माझी जीभ गप्प बसणारी नव्हती. मी म्हणाले, माय, चित्र काढणारा चित्रात कसा असंल? मायनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. “चित्र काढलं तवा त्यो तिथं व्हता का न्हवता?” तिनं विचारलं. होता, मी म्हणाले. “मग तिथंच हाय.” पुढं मी शाळेत मास्तरीण झाले, नाठाळ पोरांना उत्तरं देण्यात माझी उभी हयात गेली, पण असा सवाल मला एकाही पोरानं घातला नाही.

त्या दिवसापासून घराचं सगळं वळणच बदललं. लोकांना वाटलं, माय खचली. ती खचली नव्हती. तिला एक जागा सापडली होती आणि त्या जागेवर ती पाय रोवून उभी होती. दादा पाण्यातून बाहेर आलाय, खडकावर बसलाय, त्याला वाट गवसली की तो येईल. तोवर त्याचं घर जागच्या जागी असलं पाहिजे. सकाळी पहिली भाकरी चित्रापुढं ठेवायची आणि मग ती कुत्र्याला घालायची. दिवा तिथं लावायचा नाही, दिवा मेलेल्याला लावतात. आणि सगळ्यात जास्त कडकपणा वैनीच्या बाबतीत. वैनीच्या कपाळाला कुंकू भरून पाहिजे, हातात हिरव्या बांगड्या पाहिजेत, एखादी पिचली तर मायच्या डोळ्यादेखत दुसरी भरली पाहिजे. सणाला नवं लुगडं. पण माहेरी जायचं नाही. पंचमीला गावच्या सगळ्या लेकी आल्या, आमची सून मात्र गेली नाही. तो आला आणि बायको घरात नसली तर काय म्हणेल, असं माय म्हणायची. ज्या बायका आधी दुखवट्याला आल्या होत्या त्याच आता वैनीला हळदीकुंकवाला बोलावताना अडखळायच्या. बोलवावं तर विधवेला बोलावल्याचं पाप, न बोलवावं तर सवाष्णीला टाळल्याचं. शेवटी त्यांनी आमच्या वस्तीकडची वाटच सोडली.

वैनी पहिले काही महिने मुकाट्यानं सगळं करत होती. मग एकदा कापूस वेचताना, माझ्या शेजारच्या ओळीत वाकलेली असताना, ती सरळ उभी राहिली. “शकू, त्या फोटूत कुणी न्हाई,” ती म्हणाली. “नुसता काळा रंग हाय. मी रोज फडक्यानं पुसते त्याला, मला ठावं हाय.” मग सांग की मायला, मी म्हणाले. ती हसली, पण ते तिचं पहिलं हसणं नव्हतं. “माझं कोण ऐकंल? शकू, त्यो आला म्हणा न्हाई तर मेला म्हणा. मला दोनी चालंल. पर असं मधी किती दिस बसू मी?” आणि पुन्हा वाकून कापूस वेचायला लागली. मला तेव्हा तिच्या बोलण्याचा धक्का बसला. माझा भाऊ आणि ही ‘मेला म्हणा’ म्हणते. एवढ्यावरून मी तिच्याशी एक-दोन दिवस तुटक वागले. तिचं खरं होतं, आणि तिच्या जागी मी असते तर कधीच आरडाओरडा केला असता.

उन्हाळ्यात तिचे वडील आले. साधा, आखडलेला माणूस, उपरण्याचं टोक बोटांना गुंडाळत बसायची सवय. त्यांनी आबांना स्पष्ट सांगितलं. पोरगी लहान आहे. आमच्यात पाट लावायची, विधवेचं दुसरं लग्न करून द्यायची रीत आहे, तिचं पुढचं आयुष्य उभं राहू शकतं. पण आधी झालेल्याचं क्रियाकर्म झालं पाहिजे, त्याशिवाय तिला कुणी पदरात घ्यायचं नाही. गुरुजींनाही विचारून झालं होतं. देह सापडला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात, मग सगळं रीतसर. दादाला लाट नेताना मित्रानं डोळ्यांनी पाहिलं होतं, तेव्हा वर्षानुवर्षं वाट बघायचंही कारण नव्हतं. आबांना ते मान्य होतं, त्यांची मान हलत होती. तेवढ्यात माय बाहेर आली. डोक्यावरचा पदर सारखा करून ती व्याह्यांसमोर उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, “पानाचा पुतळा जाळायचा तर जाळा. पर जित्या माणसाच्या नावानं जाळला तर पाप कुणाला लागंल, ते आधी गुरुजीला इचारा.”

आबांनी त्या वेळी बोलायला हवं होतं. घरातला कर्ता पुरुष म्हणून शेताच्या बांधापासून बैलाच्या वेसणीपर्यंत सगळं ते ठरवायचे, पण इथं त्यांची जीभ टाळूला चिकटली. मला त्यांचा असा राग आला की सांगता सोय नाही. आता कळतं, की कुठंतरी त्यांनाही तो खडकावर बसलेला दिसत होता. वैनीच्या वडलांनी भाकरी खाल्ली, उठले, आणि दारात थांबून म्हणाले, “दिवाळीपातूर बघतो. त्येच्या पुढं मी यायचो न्हाई. माझ्या मागं अजून पोरी हायत.” वैनी चुलीपाशी होती. तिनं ते ऐकलं. तिची भाकरी तव्यावर करपली आणि तिला वास आला नाही. म्हणजे दिवाळीपर्यंत मायचं मन वळलं नाही तर ती जन्मभर आमच्या घरात, त्या काळ्या डागाची बायको म्हणून राहणार होती.

पाऊस झाला, ओढा वाहायला लागला, पितरपाठ आला. घरोघर मेलेल्यांच्या नावानं जेवणं झाली. आमच्याकडं आज्याच्या नावानं पान वाढलं, दादाच्या नावानं नाही. पितरपाठ संपत आला की आमच्या भागात दसरा काढतात. घटस्थापनेच्या आधी घरातली चिंधीन् चिंधी, वाकळा, गोधड्या, भांडी, खुंटीवरचं, फळीवरचं सगळं बाहेर काढायचं, धुवायचं, उन्हात घालायचं आणि रिकामं घर सारवून घ्यायचं. ज्या घरात वर्षात माणूस गेलेलं असतं तिथं लोक हात आखडता घेतात, घट बसवत नाहीत. आबांनी तसं बोलून बघितलं. माय म्हणाली, ज्याच्या घरी मेलंय त्यानं बघावं, माझ्या घरी घट बसणार. आणि तिनं जिद्दीनं, दरवर्षीपेक्षा जास्त, सगळं घर बाहेर काढलं. मधल्या खोलीत सारवायचं तर चित्र काढणं भाग होतं. त्याला तिनं आमच्यापैकी कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः खुंटीवरून उतरवलं, पदरानं पुसलं आणि शेणकाल्याचे शिंतोडे लागू नयेत म्हणून अंगणाच्या पार पलीकडं, गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलं. मग आम्ही तिघी ओढ्याला गेलो.

दसऱ्याचं धुणं म्हणजे हाडं मोडायचं काम. वाकळ भिजली की दगडागत जड होते. तीन ओळी बायका ओढ्यात उभ्या, दणादण आपटणं चाललेलं, एकमेकींच्या सासवांच्या नकला चाललेल्या. आमच्याशी कुणी फारसं बोललं नाही. दुपारी पिळलेल्या वाकळा डोक्यावर घेऊन माय पुढं निघाली, तिच्या मागं मी. वैनी राखेनं घासलेली भांडी घमेल्यात भरून सावकाश येत होती. ओढ्याची वाट वर चढून आमच्या खळ्याच्या कडेला निघते आणि तिथून खळं, अंगण आणि गोठा एका रेषेत दिसतात. चढ संपला आणि माय थांबली. मी तिच्या पाठीवर आदळणार होते. काय झालं म्हणून मी बाजूनं पाहिलं.

गोठ्याच्या भिंतीला समुद्र होता. मी तोवर समुद्र पाहिलेला नव्हता, तरी मला सांगायला कुणी लागलं नाही. उन्हात ते थापे कुठं गेले कोण जाणे. निळ्या-जांभळ्याचं पाणी झालं होतं, आणि ते पाणी हलत होतं, मी शपथ घेऊन सांगते. पांढऱ्याचा फेस झाला होता आणि तो काळ्या खडकांवर चढून फुटत होता. त्याच्यावर तिन्हीसांजेच्या आधीचा पिवळा उजेड होता. इतकं मोठं, इतकं उघडं काही मी कधी पाहिलं नव्हतं. दादाला काय दिसलं होतं आणि तो खाली का उतरला होता, ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं, आणि तो किती मोठा चित्रकार झाला असता हेही कळलं. मेंढरं नव्हती. डोंगर नव्हता. खडकाच्या टोकाशी माणूसही नव्हता. तिथं खडकाला चीर होती, चिरेत सावली होती आणि पाणी आत शिरत होतं. घरात आणल्यापासून ते चित्र आम्ही चार हातांच्या पलीकडून कधी बघितलंच नव्हतं. मागं सरकायला कणगी आड यायची.

मायनं डोक्यावरचं ओझं खाली ठेवलं नाही, तशीच चालायला लागली. वाकळांचं पाणी तिच्या तोंडावरून ओघळत होतं. खळं ओलांडून ती अंगणात गेली, चित्रापाशी गेली, वाकली. मग पाठ न फिरवता एकेक पाऊल मागं आली. थांबली. पुन्हा पुढं गेली. पुन्हा मागं. जवळ गेली की तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटायचं आणि मागं आली की ते पुसलं जायचं. एका जागेवर येऊन ती उभी राहिली. तिथवर तो दिसत होता आणि तिथून पुढं मागं सरकलं की नाही, अशी ती जागा असणार. आबा गोठ्यातून बाहेर आले आणि तिच्याकडं बघत उभे राहिले. तिनं मला विचारलं, “शकू, तुला दिसतो का?” मी काही बोलले नाही. माझ्या तोंडून शब्द न फुटण्याचा तो बहुधा एकच प्रसंग. मायनं एक पाऊल मागं घेतलं, आणि मग आणखी एक. डोक्यावरच्या वाकळा तिनं हळूच बाजूच्या दगडावर उतरवल्या.

“आवो,” ती आबांना म्हणाली, “पळसाची पानं आणा.”

आबा तिच्याऐवजी चित्राकडं बघू लागले. इतके महिने त्यांना हेच हवं होतं.

पुढचं सगळं रीतीप्रमाणं झालं. अमावास्येला पानांचा पुतळा केला, त्याच्यावर दादाचा सदरा घातला, ओढ्याच्या काठी आबांनी त्याला अग्नी दिला. घट बसले नाहीत. दिवाळीआधी वैनीचे वडील येऊन तिला घेऊन गेले, पुढं तिचा पाट लागला, माणूस चांगला मिळाला, लेकरं झाली. आमच्या भागात ही गोष्ट निघाली की लोक एवढंच सांगतात. बिचारी सुटली म्हणतात, आणि ती सुटली हे खरंच आहे. पण त्या दुपारी अंगणात आणखी एक झालं, ते आम्ही घरातल्यांनी बाहेर कधी कुणाला सांगितलं नाही.

माय आबांशी बोलली तेव्हा वैनी खळ्याच्या कडेला पोचली होती. तिनं ते शब्द ऐकले. मला वाटलं, ती आता रडेल, नाही तर तिच्या मनावरचं ओझं उतरलेलं तोंडावर दिसेल. तिच्या हातातून घमेलं सुटलं आणि घासलेली भांडी मातीत गडगडत गेली. ती चित्राकडं धावली. गुडघ्यावर बसून तिनं तोंड इतकं जवळ नेलं की नाक रंगाला लागावं, आणि दोन्ही हातांनी त्या काळ्या डागाला आडोसा केला, वाऱ्यात दिव्याला करतात तसा. मग मान वळवून तिनं मायकडं पाहिलं.

“आत्या, तिथून न्हाई दिसायचा,” ती म्हणाली. “हिकडं या. हितून बघा. हाय की, बसलाय.”

माय जागची हलली नाही.

“आत्या, जवळ या ना.”